गुरुवारची पाटी

सिधू,

तुझ्या जलदानविधीच्या दिवशी मंडपात माणसं दाटीवाटीनं बसली होती. वंदना झाली, भंतेजी बोलले, आणि पंगती बसायच्या आधी जो एक रिकामा वेळ असतो, त्या वेळात लोकांच्या नजरा माझ्याकडं वळल्या. ती नजर मी ओळखतो. तीस वर्षं मी त्या नजरेवर जगलोय. कुणीतरी म्हणालंच, "दत्ता सर, सांगा की डॉक्टरांच्या दोन-चार गोष्टी."

मी उठलो. मरणाच्या घरीसुद्धा उठलो. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला, मान तुझ्यासारखी तिरकी केली आणि तुझ्या आवाजात म्हणालो, "बाई, ताप पोराला हाय का पोराच्या आज्जीला? कारण थर्मामीटर आज्जीच्याच काखेत हाय." मंडप हसला. चार दिवसांपूर्वी ओक्साबोक्शी रडलेली माणसं हसली. मला बरं वाटलं. मग दुसरा किस्सा सांगितला, तो याहून जमला. तिसऱ्यासाठी मी घसा खाकरला तेव्हा शोभावहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "भाऊजी, गुरुवारचं तेवढं सांगू नका."

पुढचा नंबर त्याचाच होता. त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक. बहुधा माझा क्रम त्यांना पाठ असावा.

मी खाली बसलो. लोकांना वाटलं, सरांना भरून आलं. भरून आलं नव्हतं सिधू. मला कुणीतरी भर मंडपात चोरी करताना धरावं तसं झालं होतं. म्हणून ते गुरुवारचं आज तुलाच सांगतो. तुला माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगतो. कारण आजवर मी ते नेहमी मधूनच सुरू केलं आणि मधेच संपवलं.

पहिल्यापासून म्हणजे वसतिगृहापासून. तुझे आईवडील ऊस तोडायला गेले की तू त्यांच्याबरोबर जायचास, आणि शाळेत उगवायचास थेट होळीच्या आसपास. तोवर मी सगळ्या मास्तरांच्या नकला बसवून तयार असायचो. पोरं लोळायची. तू एकटा ढिम्म. मला राग यायचा. मग दुसऱ्या दिवशी, गणिताच्या तासाला, सगळे शांत असताना तुझ्या नाकातून एकदम हसू फुटायचं. "काय झालं रे कांबळे?" मास्तर विचारायचे. "काही नाही सर, कालचं आठवलं." तू एक दिवस उशिरा हसायचास. पुढं डॉक्टर झालास तरी तसाच. तुला काही सांगितलं की ते तू घरी घेऊन जायचास, उलटंसुलटं करून बघायचास, आणि पटलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून नुसतं हसायचास. माझ्या आयुष्यात मला मिळालेला सगळ्यात खरा हशा तोच. हे तुला कधी सांगितलं नाही.

लहान मुलांचा डॉक्टर होऊन तू गावात परत आलास तेव्हा आपल्या सहकारी दवाखान्याची इमारत नुकती उभी राहिली होती. घरटी एक शेअर, जागा कारखान्याची, आणि अध्यक्ष आबा. अध्यक्ष तेव्हाही आबाच होते. मी हायस्कुलात मराठी शिकवत होतो आणि तालुक्यातल्या झाडून सगळ्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करत होतो. तुझ्या स्वागताच्या सभेतही माईक माझ्याच हातात होता. मी म्हणालो, "आपल्या गावाला न दमणारा डॉक्टर मिळाला आहे." टाळ्या पडल्या. ते 'न दमणारा' मला इतकं आवडलं की पुढची वीस वर्षं मी ते प्रत्येक सभेत वापरलं. तू दमतोस की नाही हे तेव्हा बघितलंच नाही. वाक्य जमलं होतं.

तुझी दमणूक मी जवळून बघितली ती त्या सलग दोन दुष्काळांत. दवाखान्यातली गर्दी तेव्हा घड्याळावर नाही, टँकरवर चालायची. टँकर गावात शिरला की तुझ्या दारातली रांग जादूनं गायब व्हायची. बायका पोरं काखेला मारून घागरी घ्यायला पळायच्या. रांगेत नुसत्या चपला उरायच्या, आपापल्या नंबरावर. तास-दीड तासानं सगळ्या एकदमच परत यायच्या, ओल्या पदरांच्या, धापा टाकत, आणि दीडशे पोरं एका वेळी रडायला लागायची. तू टँकरचा हॉर्न ऐकून जेवायला शिकलास. हॉर्न वाजला की डबा उघडायचास. मी त्याचाही किस्सा केला: "आमचे डॉक्टर टँकरवर चालतात!" तो ऐकून तू दुसऱ्या दिवशी हसला होतास. तो बरा होता.

पण त्याच उन्हाळ्यात मी तुझ्या खोलीत बसलेलो असताना एक बाई आली होती. पोराला जुलाब. तू तिला तुझ्या सवयीनं सांगत होतास, पाणी उकळून गार करा, मीठ-साखर अशी घाला, घोट-घोट पाजा. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "समदं करते डाक्टर. पर उकळायला पाणी हाय कुटं? हंडाभर मिळतंय, त्यात आमी सात जण." तू पेन खाली ठेवलंस. तुझ्याकडची पिण्याची बाटली तिला दिलीस. ती गेल्यावर मला म्हणालास, "दत्त्या, मी डॉक्टर न्हाई बे. मी नुसता सही करणारा हाय." मला त्यावर काही सुचलं नाही. मला न सुचण्याचे प्रसंग आयुष्यात फार थोडे आले, आणि बहुतेक तुझ्या खोलीत आले.

आणि ती कार्डं. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडं निघायच्या. शिरूर कासारकडची निम्मी घरं कुलूपबंद व्हायची. त्याआधीचे पंधरा दिवस तू प्रत्येक पोराचं वजन करून, लस बघून, एक कार्ड लिहायचास. तिकडच्या डॉक्टरला दाखवायला. बायका ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचून न्यायच्या. तू स्वतः उसाच्या फडावर वाढलास, तिथं पोरगं आजारी पडलं की काय होतं ते तुला ठाऊक होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर टोळ्या परतल्या की तू पुन्हा वजन करायचास. एकदा म्हणालास, "जाताना नऊ किलोचं पाठवलं, येताना आठ किलोचं आलं. सहा महिन्यांनी पोरगं लहान होऊन आलंय बे. हे कुठल्या पुस्तकात हाय?"

आता ती चपलेची गोष्ट. ही मी कुठल्याच सभेत सांगितली नाही, कारण हिच्यात हशा नाही.

बाजारचा दिवस होता. तू किती पोरं तपासली होतीस ते तुलाही सांगता आलं नाही. एका बाईचं चार महिन्यांचं बाळ, खोकला. तू छातीला नळी लावलीस, औषध लिहिलंस, पुढचं पोर घेतलंस. ती बाई रस्त्यापर्यंत गेली आणि चप्पल दारातच राहिली म्हणून परत आली. वाकून चप्पल घालताना बाळाच्या अंगावरचं फडकं सरकलं, आणि तू टेबलामागून सहज बघितलंस. प्रत्येक श्वासाला बाळाची छाती आत ओढली जात होती. तू खुर्ची पाडून धावलास. बाळाला ऑक्सिजन लावलास, तसंच गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलास. ते वाचलं.

त्यानंतर दोन दिवसांनी तू माझ्या घरी आलास. चहा घेतला नाहीस. म्हणालास, "सकाळची पहिली चाळीस पोरं मी तपासतो, दत्त्या. नंतरची नुसती बघतो. अन् शेवटची माझ्या हातातून जातात, मला दिसत पण न्हाईत. ते बाळ मी बघितलंच नव्हतं. तिची चप्पल राहिली म्हणून वाचलं."

मग म्हणालास, "मला आठवड्यातनं एक दिवस बंद ठेवायचंय."

"ठेव की. काय करणारेस त्या दिवशी?"

"काही न्हाई."

"काही नाही म्हणजे?"

"काही न्हाई म्हणजे काही न्हाई बे. खाटेवर पडणार. छताकडं बघणार. पंखा फिरतोय का ते बघणार."

तू गुरुवार निवडला होतास. मंगळवारी बाजार, बुधवारी बाजारातल्यांची फेरतपासणी, गुरुवारी त्यातल्या त्यात उसंत. पेंटरकडून पत्र्याची पाटीही करून आणली होतीस, निळ्यावर पांढरी अक्षरं: 'दर गुरुवारी दवाखाना बंद राहील.' पण ती नुसती टांगायला तुझं मन धजत नव्हतं. म्हणालास, "आबा म्हणतेत, वार्षिक सभेत सभासदांच्या कानावर घाला. मी बोललो तर भांडल्यासारखं वाटंल. तू सांग. तुझं लोक ऐकतेत." आणि तू मजकूर सांगितलास, मी माझ्या वळणदार अक्षरात लिहून घेतला. दोन परिच्छेद होते. पहिल्यात, गुरुवारी दवाखाना बंद राहील, डॉक्टर विश्रांती घेतील. दुसऱ्यात काय होतं ते मी लिहिलं होतं, म्हणजे मला माहीत होतं. एवढं इथं लक्षात राहू दे. मला माहीत होतं.

सहकारातली वार्षिक सभा ज्यानं बघितली नाही त्याला ती कळायची नाही. मार्केट यार्डात मंडप, पुढं पाहुणे, मागं सभासद, आणि सगळ्यात मागं जेवणाच्या वासाकडं तोंड करून बसलेले सभासद. सचिव एका सुरात विषय वाचतो. वाचून पूर्ण व्हायच्या आत मागून आरोळी येते, "मंजूर! मंजूर!" काय मंजूर झालं हे मंजूर म्हणणाऱ्याला माहीत नसतं. ते शिंकेसारखं आहे, आलं की येतं. शेवटी असतो 'अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळचे विषय'. तिथं मी तुझा कागद घेऊन माईकपाशी गेलो.

पावसानं त्या वर्षीही पाठ फिरवली होती. दोन तास रटाळ सभा चाललेली, लोक पेंगुळलेले. आणि मला ती पेंग सहन होईना सिधू. एवढंच खरं कारण आहे. दुसरं कुठलंही कारण शोधून मी दमलो, सापडलं नाही.

मी पहिलं वाक्य वाचलं, "दर गुरुवारी दवाखाना बंद राहील." थांबलो. चष्मा नाकावर आणला. म्हणालो, "मंडळी, आपल्या गावात टँकरला सुट्टी नाही, माशांना सुट्टी नाही, जुलाबाला सुट्टी नाही. पण डॉक्टरसाहेब म्हणतात, मला हवी. मी विचारलं, गुरुवारी काय करणार? तर म्हणाले," आणि इथं मी तुझी मान तिरकी केली, "छताकडं बघणार!"

मंडप उसळला. मागचे लोक पुढं बघायला लागले. मला पंख फुटले. "तर मी ठराव मांडतो," मी म्हणालो, "की डॉक्टरांनी दवाखान्यातच खाट टाकावी, छताकडं बघत बघत पोरं तपासावीत, आणि गुरुवारची सुट्टी ही सभा एकमतानं नामंजूर करत आहे!"

"मंजूर! मंजूर! मंजूर!"

आबांनी डोळे पुसले, हसून हसून. तू पहिल्या रांगेत बसला होतास. तूही हसलास, हात जोडलेस, उभा राहून सगळ्यांकडं वळून हात जोडलेस. आणि हशा टिपेला पोचला की तिथंच थांबायचं हा माझा नियम. कागद घडी करून खिशात घातला. दुसरा परिच्छेद वाचलाच नाही.

सभेच्या भरवशावर तू त्या सकाळीच पाटी दाराला टांगली होतीस, ती दुसऱ्या दिवशी काढलीस.

आपला सचिव बाबूराव अक्षरशः अक्षराला जागणारा माणूस. त्यानं इतिवृत्ताच्या वहीत विनोद लिहिला नाही, ठराव लिहिला. क्रमांक घालून, सूचक म्हणून माझं नाव टाकून. पुढच्या वर्षी नियमाप्रमाणे 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा विषय आला, तेव्हा त्यानं त्याच एकसुरी आवाजात तो ठराव वाचला, आणि सभा पुन्हा हसली, आणि पुन्हा मंजूर झाला. तू पहिल्या रांगेतच होतास. माझ्या नावालाही टाळ्या पडल्या. मी उठून वाकून त्या घेतल्या.

पाटी काढल्यानंतरच्या आठवड्यात तू मला विचारलंस, दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून. आवाज न चढवता. "दत्त्या, तो डोळ्यांचा डॉक्टर, पाटलांच्या घरातला. शनिवार-रविवार दोन्ही दिवस बंद. त्याच्या सुट्टीवर कधी सभेत मंजूर-नामंजूर झालंय का बे? माझीच सुट्टी कावून सगळ्या गावाची?"

मी म्हणालो, "अरे, तुझ्यावर लोकांचा हक्क आहे. प्रेमाचा."

तू म्हणालास, "माझ्या बापावर पण लोकांचा हक्कच होता. कवाबी हाक मारायचे. जेवत असला तरी उठून जावं लागायचं."

सिधू, तिथं गप्प बसता आलं असतं. नुसतं खाली बघितलं असतं तरी चाललं असतं. माझ्या वडिलांनी तुझ्या वडिलांना तशा हाका मारलेल्या मी कानानं ऐकल्या होत्या. पण माझ्या जिभेवर काहीतरी आलं होतं आणि ते मला गिळता आलं नाही. मी म्हणालो, "अरे, डोळ्यांच्या डॉक्टरची सुट्टी लोकांना दिसत नाही, म्हणून तर ते त्याच्याकडं जातात!"

तू हसला नाहीस. मी दुसऱ्या दिवशी फोनची वाट बघितली. फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी बँकेत भेटलास तेव्हा म्हणालास, "नमस्कार दत्ता सर. बरे आहात ना तुम्ही?"

सात वर्षं तू मला 'तुम्ही' म्हणालास. पोराच्या लग्नाला आलास, माझ्या आईच्या आजारपणात रोज येऊन गेलास, माझ्या नातवाची प्रत्येक लस स्वतः टोचलीस. सगळं तेच. फक्त दत्त्या गेला, बे गेला. मी ते लक्षात आलं नाही असं दाखवत राहिलो. मीही एक वाक्य बोललो असतो तर, असं आता वाटतं. पण माझ्याकडं हजार वाक्यं होती आणि ते एक नव्हतं.

मधे एकदा मेडिकल कॉलेजची एक मुलगी फॉर्म घेऊन आली होती. लहान मुलांच्या डॉक्टरांवर कामाचा बोजा किती, ते समाधानी आहेत का, अशी काहीतरी पाहणी. मी तुझ्या खोलीत बसलेलो. तिनं विचारलं, "सर, तुम्ही तुमच्या कामात समाधानी आहात? एक ते पाचमध्ये सांगा." तू उत्तर द्यायच्या आत मी म्हणालो, "पाचपैकी सहा लिहा ताई! न दमणारा डॉक्टर आहे आमचा!" ती हसली. तू तिला म्हणालास, "हे गेल्यावर भरू आपण." मी तो विनोद समजलो आणि टाळी द्यायला हात पुढं केला. तू टाळी दिलीस. मी बसूनच राहिलो, तीही कंटाळून, मी नंतर येते म्हणून गेली. तू काय सांगणार होतास ते मला कधीच कळलं नाही. मी उठून बाहेर गेलो असतो तर तिला तरी कळलं असतं.

तू गेलास मंगळवारी. गुरुवारी गेला असतास तर मी त्याचाही किस्सा केला असता, इतका मी मला ओळखतो.

नंतरचं तुला ठाऊक नाही, ते सांगतो. तुझ्या जागी डॉक्टर मिळेना. आबांनी जाहिरात दिली, ओळखीपाळखीत विचारलं. शेवटी मागच्या महिन्यात एक तरुण डॉक्टरीणबाई जागा बघायला आल्या. तेलगावकडच्या, सासर लातूरचं, शांत, कमी बोलणाऱ्या. आबांच्या ऑफिसात आम्ही पाच-सहा जण होतो. त्यांनी बाकी सगळं विचारून झाल्यावर विचारलं, "आठवड्याची सुट्टी कोणत्या वाराला असते?"

आबा खूश झाले. "सुट्टी? आवो, आमच्याकडं तर ठरावच हाय! सर, सांगा की म्याडमला गुरुवारचं."

मी सांगितलं. वहिनींनी नको म्हटलं होतं, तरी सांगितलं. आबांसमोर नाही म्हणता आलं नाही, आणि खरं सांगू का, सांगायला लागल्यावर थांबताही आलं नाही. सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "डॉक्टर सर हसले होते का?"

"हो तर," मी म्हणालो. "लगेच हसले."

आणि माझ्याच तोंडून तो शब्द मला ऐकू आला. लगेच. चाळीस वर्षांत तू कधी लगेच हसला नव्हतास सिधू. गणिताच्या तासाला नाही, टँकरच्या किश्श्याला नाही. त्या एकाच दिवशी, आठशे लोकांसमोर, हात जोडून, तू लगेच हसला होतास. मी समोर उभा होतो. माझ्याइतकं तुझं हसू ओळखणारा दुसरा कुणी त्या मंडपात नव्हता. आणि मी टाळ्या घेत होतो.

बाईंनी पर्स उचलली, "कळवते" म्हणाल्या आणि गेल्या.

आबा म्हणाले, "जरा तुटक वाटली. पर येईल का वो ती? म्होरल्या महिन्यात टोळ्या निघतेत. पोरांची कार्डं कोण लिवणार?"

मी घरी येऊन माझी फाईल काढली. जमलेल्या विनोदांचे कागद मी एका फाईलीत ठेवतो, पुन्हा उपयोगी पडतात म्हणून. तुझा कागद त्यातच होता. कडेला माझ्या अक्षरात खूण होती: 'फार रंगला.'

गेल्या रविवारी वार्षिक सभा झाली. पहिला विषय दुखवट्याचा, त्यात तुझं नाव. सगळे उभे राहिले, दोन मिनिटं शांतता. बाबूरावांनी 'सभा श्रद्धांजली अर्पण करीत आहे' म्हटलं आणि मागून सवयीनं आरोळी आली, "मंजूर!" ज्याच्या तोंडून ती गेली तो म्हातारा सुभानराव जागच्या जागी गारठला. त्याच्या दोन्ही नाती तुझ्याच औषधावर वाढल्या. तो तिथंच खाली बसून रडायला लागला. कुणी हसलं नाही. ती गोष्ट मी फाईलीत लिहिलेली नाही.

आयत्या वेळच्या विषयाला मी माईकपाशी गेलो. "गुरुवारच्या ठरावाबद्दल बोलायचं आहे," एवढं म्हणालो, आणि मंडपात खसखस पिकली. लोक सावरून बसले. कुणीतरी ओरडलं, "होऊन जाऊ द्या सर!" मी म्हणालो, "मी त्या दिवशी डॉक्टरांची चेष्टा केली. ते दमले होते. मला माहीत होतं." आणखी मोठा हशा. त्यांना वाटलं, ही सुरुवात आहे, टोला पुढं येतोय. आयुष्यभर मी ज्यांना हसायला शिकवलं ती माणसं माझ्या कबुलीला हसत होती, आणि त्यांची काही चूक नव्हती.

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय मला नक्कल करता येत नाही. कागद डोळ्यांजवळ धरून पहिला परिच्छेद वाचला. हसले. मी थांबलो नाही. दुसरा वाचला, तू सांगितला होतास तसा, एक शब्द न बदलता:

'मात्र बाळ दूध ओढत नसेल, झटके येत असतील, किंवा श्वास घेताना छाती आत जात असेल, तर वार बघू नये, मागच्या दाराची कडी वाजवावी. मी घरीच आहे.'

शेवटचे तीन शब्द वाचायच्या आधी मला कळलं नव्हतं की ते आता कसे ऐकू येतील. मधल्या रांगेतून एक बाई उभी राहिली. तिच्याशेजारी सातेक वर्षांची पोरगी. ती आबांकडं बघून म्हणाली, "हे आमाला त्या टायमाला कावून वाचून न्हाई दावलं? आमी काय न्हाई म्हटलं असतं व्हय?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "माझ्यामुळं. हशा आला म्हणून मी थांबलो."

जुना ठराव रद्द झाला. येणाऱ्या डॉक्टरांना आठवड्याची सुट्टी, वार त्यांनी ठरवावा, असा नवा झाला. मंजूरची आरोळी आली नाही, लोकांनी हात वर केले. आपल्या सभेत हात वर झालेले मी प्रथमच बघितले. बाबूरावांनी ठरावाची प्रत डॉक्टरीणबाईंना पाठवली आहे. उत्तर अजून आलेलं नाही. येईलच असं मी म्हणत नाही.

सोमवारी तुझ्या घरी गेलो. वहिनींना म्हणालो, "ती पाटी अजून आहे का?"

त्या मला परसात घेऊन गेल्या. पाण्याच्या निळ्या ड्रमवर ती झाकण म्हणून पालथी घातलेली होती. वर वीट. म्हणजे सात वर्षं, रोज पाणी घेताना, तू ती उचलत होतास आणि परत ठेवत होतास.

"द्या," मी म्हणालो.

वहिनी म्हणाल्या, "आधी ड्रमला दुसरं झाकण आणा भाऊजी. मग न्या."

मी बाजारात गेलो, झाकण आणलं, ते बसतंय का बघितलं. मग पाटी धुतली. कडा गंजल्यात, अक्षरं शाबूत आहेत. तुझ्या दवाखान्याच्या बंद दाराला मी ती आज सकाळी टांगली. खिळा पूर्वीचाच होता.

रस्त्यानं जाणारी एक बाई थांबली. पाटी वाचून म्हणाली, "ओ सर, दवाखाना तर समदेच दिवस बंद हाय की. मग गुरुवारची पाटी कशाला?"

माझ्या तोंडात तीन उत्तरं तयार होती. तिन्हींवर ती हसली असती.

मी म्हणालो, "त्यांनी सांगितलं होतं. मला उशीर झाला."